एलन टेरीची लेडी मॅकबेथ: कॅबिनेट कार्डात न उतरलेला हिरवा झगा

लंडनच्या लायसियम थिएटरात हेन्री अर्विंगने २९ डिसेंबर १८८८ रोजी 'मॅकबेथ' रंगमंचावर आणले. मॅकबेथ तो स्वतः होता आणि लेडी मॅकबेथ होती एलन टेरी, वय ४१, इंग्लंडच्या रंगभूमीवरची त्या काळची सर्वांत लाडकी नटी. बेकर स्ट्रीटवरच्या 'विंडो अँड ग्रोव्ह' या स्टुडिओने या वेषात तिची छायाचित्रे घेतली आणि ती कॅबिनेट कार्डांच्या, म्हणजे जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फोटोंच्या, रूपात विकली गेली. टेरीने आपल्या मुलीला, एडिथला, लिहिलेल्या पत्रात मात्र स्पष्ट सांगितले की फोटोंवरून या पोशाखाची काहीच कल्पना येत नाही, कारण त्याचे वैभव रंगात आहे. गडद तांबडे केस, हिरव्या भुंग्यांनी मढलेला झगा, वरचा अंगरखा, सगळा थाट तिला चित्रकार रोझेटीच्या चित्रांसारखा, चर्चच्या रंगीत काचांसारखा वाटत होता. कार्डावर यातले काहीच नव्हते.

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि ते का खरे होते हे आजही तपासता येते. व्हिक्टोरियन नटनट्यांची हजारो कार्डे उरली आहेत, पण बहुतेक वेळा कार्डाखेरीज दुसरा पुरावाच नसतो. इथे तीन साक्षी शिल्लक आहेत. एक, छायाचित्र. दोन, तो झगा स्वतः, केंट परगण्यातल्या स्मॉलहाइथ प्लेस या टेरीच्या घरी. तीन, जॉन सिंगर सार्जंटने १८८९ मध्ये केलेले पूर्णाकृती तैलचित्र, जे आज टेट संग्रहात आहे. तिन्ही शेजारी ठेवली की कॅमेऱ्याने काय घेतले, काय गाळले आणि काय उलटे दाखवले हे एकेक करून सांगता येते. जुन्या नाट्यछायाचित्रांशी काम करणाऱ्या कोणालाही यापेक्षा चांगला सराव मिळणार नाही.

झगा कशासाठी शिवला होता

पोशाखाची कल्पना अॅलिस कॉमिन्स कार यांची आणि शिवण एडा नेटलशिप यांचे. झगा मऊ चिलखतासारखा दिसावा आणि तरी सापाच्या खवल्यांचा भास व्हावा, अशी कार यांची इच्छा होती. नेटलशिप यांना बोहेमियातले एक सूत मिळाले. मऊ हिरवे रेशीम आणि निळी धातूची जर एकत्र पिळलेली. त्या सुताचे क्रोशाचे विणकाम करून लांब बाह्यांचा सरळ झगा तयार झाला. तो अंगावर सुंदर पडत होता, पण रंगमंचावर पुरेसा झळकेना. म्हणून त्याच्यावर खऱ्या भुंग्यांचे सुमारे १००० हिरवे पंख शिवून बसवण्यात आले. काठाला लाल आणि पांढऱ्या खड्यांचे केल्टिक नक्षीकाम. त्यावर हेदर फुलांच्या जांभळट छटेचा मखमली अंगरखा, आणि अंगरख्यावर आगीच्या रंगाच्या जरीत भरलेले मोठे ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे डोके आणि सिंहाचे धड असलेले काल्पनिक प्राणी. सोनेरी दोऱ्यात गुंफलेल्या दोन तांबड्या वेण्या गुडघ्यांपर्यंत.

पंख म्हणजे भुंग्याच्या पाठीवरची कडक झाकणे. अशा झाकणांचे भरतकाम हिंदुस्थानातल्या कारागिरांकडे आधीपासून होते, आणि एकोणिसाव्या शतकात ते ब्रिटिश ग्राहकांसाठी मोठ्या प्रमाणात होऊ लागले होते. कार यांना ही कल्पना सुचली तीही लेडी रँडॉल्फ चर्चिल यांच्या अंगावर असा पोशाख पाहिल्याचे आठवून. या झाकणांचा हिरवा रंग रंगद्रव्याचा नसतो. अतिशय पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून तो तयार होतो. त्यामुळे तो सव्वाशे वर्षांनीही विटत नाही, आणि त्यामुळेच कोन बदलला की छटा बदलते, चमक येते-जाते. छायाचित्राच्या दृष्टीने हाच कळीचा मुद्दा आहे. हा झगा हलण्यासाठी शिवला होता. टेरी एक पाऊल टाकायची आणि शेकडो पंख आळीपाळीने पेट घ्यायचे.

प्रेक्षकाचा डोळा आणि काचेचा डोळा

लायसियममध्ये अर्विंगने विजेपेक्षा गॅस पसंत केला होता, जोडीला चुनकळीवर पेटवलेल्या ज्योतीचे लाइमलाइट. गॅसच्या ज्योतीत तांबडा आणि पिवळा प्रकाश भरपूर, निळा अगदी थोडा. त्या उजेडात तांबडे केस, आगीच्या रंगाची जर, सोन्याची दोरी, माणके हे सगळे उजळते, आणि निळे-जांभळे दबते. अंगरख्याची मखमल काळोखात मागे सरते, तिच्यावरचे ग्रिफिन जळल्यासारखे पुढे येतात.

आता स्टुडिओतली काच घ्या. १८८८ पर्यंत लंडनचे स्टुडिओ कोरड्या जिलेटिन काचांवर, म्हणजे प्रकाशसंवेदी थर दिलेल्या निगेटिव्हच्या काचांवर, आले होते. आधीच्या ओल्या कलोडियन काचांपेक्षा त्या कितीतरी वेगवान होत्या, पण रंगांच्या बाबतीत तितक्याच आंधळ्या. साध्या काचेला जंबुपार, जांभळा आणि निळा प्रकाश कळतो. साधारण ५०० नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे हिरव्याच्या उंबरठ्यावर, ती थांबते. इओसिनसारखे रंग मिसळून हिरव्या-पिवळ्यापर्यंत पोचणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा १८८० च्या दशकात बाजारात आल्या होत्या, पण तांबडा रंग त्यांनाही दिसत नसे. सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक काच बाजारात आली १९०६ मध्ये.

म्हणजे प्रेक्षक पाहत होता जवळजवळ निळ्याविना, आणि काच पाहत होती जवळजवळ फक्त निळ्यातून. एकाच पोशाखाकडे वर्णपटाच्या दोन विरुद्ध टोकांनी पाहिले जात होते. टेरीची तक्रार 'फोटोत रंग येत नाही' एवढ्यापुरती वाचली तर ती निम्मीच वाचली असे मला वाटते. रंग नुसते गेले नाहीत, त्यांचे उजळ-गडद नातेच बदलले.

एकेक भाग घेऊ. तांबड्या वेण्या साध्या काचेवर आणि ऑर्थोक्रोमॅटिक काचेवरही जवळजवळ काळ्या येतात. माणके काळे ठिपके होतात. सोन्याची दोरी, जी रंगमंचावर सर्वांत उजळ, ती मंद करडी. जांभळट मखमल निळाही परतवते, म्हणून ती डोळ्याला दिसते त्यापेक्षा फिकी येते. तिच्यावरचे आगीच्या रंगाचे ग्रिफिन गडद होतात, आणि जिथे जर थेट आकाशाचा उजेड परतवते तेवढेच ठिपके पांढरे. म्हणजे रंगमंचावर गडद कापडावर उजळ नक्षी होती, ती कार्डावर मध्यम करड्यावर तुटक नक्षी बनते. झग्यातली निळी जर उजळते, हिरवे रेशीम दबते, दोन्ही मिळून एकसारखा करडा पोत तयार होतो. भुंग्यांचे पंख बहुतेक गडद, आणि एखादा योग्य कोनात असला तरच त्यावर पांढरा कण. ज्या झळाळीसाठी १००० पंख टाकले ती स्थिर छायाचित्रात येणे शक्यच नव्हते, कारण ती झळाळी हालचालीतून जन्मत होती.

हा फरक घरी तपासता येतो. स्मॉलहाइथच्या झग्याचे किंवा सार्जंटच्या चित्राचे चांगले रंगीत चित्र कोणत्याही फोटो संपादन प्रणालीत उघडा, लाल, हिरवा, निळा हे तीन पट्टे वेगळे करा आणि फक्त निळा पट्टा काळ्या-पांढऱ्यात पाहा. साध्या काचेच्या नजरेच्या बरेच जवळ जाता येते. ऑर्थोक्रोमॅटिकसाठी निळा साठ टक्के, हिरवा चाळीस टक्के असे मिश्रण करून पाहा. मग फक्त लाल आणि थोडा हिरवा घ्या, म्हणजे गॅसच्या उजेडातल्या नात्यांची कल्पना येईल. पहिल्या आणि शेवटच्या चित्रात केस आणि अंगरखा यांची अदलाबदल झालेली दिसते.

मराठी रंगभूमीच्या जुन्या फोटोंकडे पाहतानाही हेच लक्षात ठेवावे लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची संगीत नाटकांची छायाचित्रेही तांबडा न दिसणाऱ्या काचांवरच घेतलेली आहेत. स्त्रीभूमिकेतल्या नटाच्या कपाळावरचे ठसठशीत काळे कुंकू हे काळे नव्हते, आणि जो शालू काळपट दिसतो तो लालभडक असण्याचीच शक्यता जास्त. फिकी दिसणारी साडी निळी असू शकते. फोटोवरून पोशाख पुन्हा शिवायला घेणाऱ्या नाट्यसंस्थांनी हे आधी तपासावे.

बेकर स्ट्रीटवरची बैठक

प्रयोग चालू असताना फोटो का घेतला नाही, असा प्रश्न साहजिक आहे. ज्या उजेडात काचेला हवा तो निळा प्रकाशच नाही, तिथे पूर्णाकृती चित्रासाठी मिनिटे मोजावी लागली असती. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून झगझगाट करण्याची पद्धत १८८७ मध्ये नुकतीच आली होती, पण धूर आणि आगीचा धोका पाहता भरल्या नाट्यगृहात ती नको होती. म्हणून नट स्टुडिओत यायचे, पोशाख आणि हातातल्या वस्तू गाडीत घालून.

स्टुडिओ सर्वांत वरच्या मजल्यावर, उत्तरेकडे काचेचे छत आणि काचेची भिंत. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, थेट ऊन पडत नाही. छतावर आणि बाजूला पडदे, ते ओढून वरचा उजेड कमी आणि बाजूचा जास्त करायचा, नाहीतर डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली काळ्या सावल्या पडतात. डिसेंबर-जानेवारीतले लंडन, वर धुके आणि कोळशाचा धूर. धूर निळा प्रकाशच जास्त खातो, म्हणजे काचेला हवा तोच. काही स्टुडिओंनी यावर विजेचा आर्क दिवा हा उपाय शोधला होता. रीजंट स्ट्रीटवर हेन्री व्हॅन डर वेड १८७७ पासून विजेच्या उजेडात व्यक्तिचित्रे घेत होता. लायसियमच्याच रंगमंचावर ऑगस्ट १८८८ मध्ये जेकिल आणि हाइड या दुहेरी भूमिकेत उतरलेला रिचर्ड मॅन्सफिल्ड याच्या दोन्ही रूपांचे एकाच काचेवर दोनदा प्रकाश देऊन घेतलेले चित्र व्हॅन डर वेडचेच.

पूर्णाकृती बैठकीत अडचण येते ती खोलीची, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो याची. कॅबिनेट कार्डावरचे चित्र सुमारे ५½ इंच उंच. टेरीची उंची, डोक्यावर मोकळी जागा आणि पायाशी पसरलेला घेर धरून साडेसहा फुटांचा देखावा त्यात बसवायचा तर चौदापट लहान करावा लागतो. ११ इंच नाभीय अंतराचे भिंग असेल तर कॅमेरा जवळजवळ १४ फूट दूर. भिंगाचे छिद्र एफ/४ इतके मोठे उघडे ठेवले तर पुढून मागे जेमतेम फूटभर पट्टा स्पष्ट येतो. चेहरा नेमका, पण अंगरख्याचा मागचा घेर आणि पुढे आलेली बाही विरघळते. छिद्र लहान करून एफ/८ ला गेले तर पट्टा दुप्पट, पण उजेड चौपट वेळ हवा. हिवाळी आभाळाखाली हा वेळ काही सेकंदांत जातो. तेवढा वेळ मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावत, ज्याची चिमट्यासारखी टोके डोक्याच्या मागच्या बाजूला टेकतात. त्याचा जड पाया फोटोत दिसू नये याची काळजी घ्यावी लागे. लांब झग्यातल्या नट्यांच्या बाबतीत ते सोपे जाते, तोकड्या अंगरख्यातल्या नटांच्या टाचांमागे मात्र कित्येक कार्डांवर हा पाया चक्क दिसतो.

रंगभूषेचे वेगळेच दुखणे. गॅसच्या उजेडासाठी गालांवर आणि ओठांवर लावलेला लाल रंग निळ्या डोळ्याच्या काचेवर काळा डाग होतो. रंगमंचावरचा चेहरा तसाच घेऊन बसले तर गाल खपाटीला गेलेले दिसतात. म्हणून स्टुडिओत लाली पुसावी लागे किंवा अगदी हलकी ठेवावी लागे. टेरीच्या चित्रांतला मऊ, मोकळा चेहरा हा लायसियमच्या पाचव्या रांगेतून दिसणारा चेहरा नव्हे.

इथे एक ठाम सूचना. टेरीने लेडी मॅकबेथ ही राक्षसीण म्हणून न करता नवऱ्यावर जीव असलेली स्त्री म्हणून उभी केली आणि त्यावर समीक्षकांत दुमत झाले, हे खरे. पण त्याचा पुरावा म्हणून या कार्डांवरचे भाव दाखवू नयेत. काही सेकंद धरून ठेवलेला भाव शांतच असतो, रागीट भाव तेवढा वेळ टिकत नाही, थरथरतो आणि पुसट होतो. फोटो पोशाखाची ठेवण, केसांची लांबी, दागिन्यांची जागा यांबद्दल विश्वासू आहे. अभिनयाबद्दल नाही.

सार्जंटही त्या अर्थाने विश्वासू नाही. पहिल्या प्रयोगाला तो हजर होता. मग टेरी पोशाखासह चेल्सीतल्या टाइट स्ट्रीटवर त्याच्या स्टुडिओत जाऊन बसली. चित्रात ती दोन्ही हातांनी मुकुट डोक्यावर उचलते आहे, आणि असा प्रसंग प्रयोगात नव्हता. रंगासाठी चित्र, आकारासाठी फोटो, कापडासाठी झगा, अशी कामाची वाटणी करावी. झग्याबाबतही सावध असावे. ब्रायटनच्या वस्त्रसंवर्धक झेन्झी टिंकर यांच्या कार्यशाळेत १३०० तास काम होऊन २०११ मध्ये तो परत आला, तेव्हा कळले की जो एक झगा समजला जात होता त्यात दोन झग्यांचे भाग जोडलेले आहेत. मोडलेले सुमारे शंभर पंख जपानी कागदाचे पाठबळ देऊन गव्हाच्या खळीने सांधले गेले. अशा वेळी मूळ बाही कुठे संपत होती, घेर किती होता, हे ठरवायला फोटोच उपयोगी पडतो.

काचेपासून कार्डापर्यंत

काच धुऊन वाळली की ती रिटचरच्या, म्हणजे निगेटिव्हवर हाताने दुरुस्ती करणाऱ्याच्या, टेबलावर जाई. जिलेटिनवर चिकट वार्निशाचा हलका हात देऊन टोकदार पेन्सिलीने डोळ्यांखालच्या आणि तोंडाच्या कडेच्या रेषा भरून काढत. निगेटिव्हवर पेन्सिल म्हणजे छापावर उजळपणा. कंबर बारीक करायची तर बाहेरची कड चाकूने खरवडून किंवा रंग लावून मागच्या पडद्यात मिसळत. चाळिशीतल्या नटीच्या चेहऱ्याला हा हात न लागता क्वचितच सुटका होई. दहापट भिंगातून पाहिले तर गालांवर स्वल्पविरामासारख्या बारीक रेघांचे जाळे दिसते. ते त्वचेचे नाही.

छाप बहुधा अल्ब्युमेन कागदावर. पातळ कागदावर मीठ मिसळलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर, तो स्टुडिओत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगवून संवेदनशील करायचा, अंधारात वाळवायचा, निगेटिव्हला लावून चौकटीत दाबायचा आणि छपरावर उजेडात ठेवायचा. चित्र उजेडातच हळूहळू उमटते, विकासक लागत नाही. मग गोल्ड क्लोराइडमध्ये टोनिंग, ज्याने विटकरी रंग जाऊन जांभळट तपकिरी येतो, मग हायपोत (सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात) स्थिरीकरण, मग भरपूर पाण्यात धुणे. ओला छाप स्टार्चच्या खळीने जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि गरम रुळाखालून काढून चकाकी आणायची.

यातले धुणे घाईत उरकले की हायपो कागदात राहतो आणि वर्षानुवर्षे चांदीला पिवळी करत जातो. आज जी कार्डे फिकट पिवळी दिसतात, विशेषतः कडांकडून आत, त्यांत याचा वाटा मोठा आहे. टोनिंगमध्ये सोने वाचवले असेल तर नास आणखी लवकर.

व्यापारी अडचण वेगळीच होती. नाटक डिसेंबरअखेर सुरू झाले, कार्डांना मागणी जानेवारीत, आणि त्याच महिन्यात सूर्य सर्वांत दुबळा. हिवाळ्यात एका निगेटिव्हवरून दिवसाला एक-दोनच छाप निघत. म्हणून मागणी असलेल्या व्यक्तीच्या एकाच पवित्र्याच्या अनेक काचा घेत. याचा परिणाम आज संग्राहकांना भोवतो. दोन कार्डे एकसारखी वाटतात, पण बोटांची ठेवण किंवा अंगरख्याची एक घडी वेगळी असते. ती एका काचेची दोन छापे नसून दोन वेगळ्या काचा आहेत. तुलना करताना चेहरा पाहू नये, जमिनीवरच्या कापडाच्या घड्या पाहाव्यात. चेहरा तोच राहतो, घड्या कधीच नाहीत.

विक्री आणि मालकी

कॅबिनेट कार्डाचा पुठ्ठा ४¼ × ६½ इंच, त्यावरचे चित्र साधारण ४ × ५½ इंच. हा आकार व्यक्तिचित्रांसाठी वापरावा असे १८६६ मध्ये सुचवणारा एफ. आर. विंडो हाच पुढे विंडो अँड ग्रोव्हमधला विंडो. आधीचे छोटे फोटोकार्ड, कार्त-द-व्हिझित, फक्त २½ × ४ इंच. त्यात भरजरी पोशाखाचा तपशील मावत नसे. नाट्यचित्रांना कॅबिनेट आकार मानवला तो याच कारणाने. किंमत साधारणपणे छोट्या कार्डाला एक शिलिंग आणि कॅबिनेटला दोन.

हक्काचा प्रश्न १८६२ च्या कायद्यावर फिरत होता. फोटोग्राफर हा कर्ता मानला जाई आणि हक्क त्याच्या हयातीत व त्यानंतर सात वर्षे टिके. पण मोबदला घेऊन कोणासाठी फोटो काढला असेल तर हक्क पैसे देणाऱ्याचा. नाव असलेली नटी बैठकीचे पैसे देत नसे, स्टुडिओच तिला बोलावी. म्हणून काच आणि हक्क दोन्ही स्टुडिओकडे राहत, आणि नटीला मिळे ती प्रसिद्धी, कधी छाप, कधी ठरवून रक्कम. दावा लावायचा तर आधी लंडनच्या स्टेशनर्स हॉलमध्ये, जिथे अशा हक्कांची नोंदवही असे, नोंद हवी. त्या अर्जांना पुष्कळदा फोटोचा छाप जोडलेला असतो, आणि ते अर्ज आता ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बैठकीची तारीख शोधणाऱ्याने कार्डावरच्या मजकुराआधी तिकडे वळावे.

कार्ड हातात आले की

आधी तंत्र ओळखा. तीसपट भिंगाखाली कागदाचे तंतू दिसत असतील आणि वरचा थर बारीक तडकलेला असेल तर अल्ब्युमेन. तंतू अजिबात दिसत नसतील, पृष्ठभाग सपाट आणि चकचकीत असेल तर जिलेटिनचा किंवा कलोडियनचा छाप. कोणताही कण किंवा ठिपका नाही, गडद भाग तिरप्या उजेडात किंचित उंच दिसतात आणि चित्र मुळीच विटलेले नाही, तर वुडबरीटाइप. त्यात चांदी नसते, रंग मिसळलेले जिलेटिन असते. 'द थिएटर' या मासिकातली नटांची चित्रे अशीच होती आणि ती आजही ताजी दिसतात. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छापखान्यातली नक्कल, फोटो नव्हे.

मग पुठ्ठा पाहा. गडद रंग, तिरप्या कापाच्या सोनेरी कडा, मागे नक्षीत गुंफलेले स्टुडिओचे नाव ही १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धाची ठेवण. मात्र पुठ्ठ्याचे वय हे छापाचे वय असते, बैठकीचे नाही. मागणी असेपर्यंत जुन्या काचेवरून छाप निघत राहत, आणि अर्विंग-टेरी जोडीने हे नाटक नंतरही केले, १८९५ च्या अमेरिका दौऱ्यातही. शिवाय पहिला प्रयोग २९ डिसेंबरचा, म्हणजे १८८८ चे दोनच दिवस उरले होते. कार्डावर किंवा सूचीत '१८८८' असले तरी ते बहुधा नाटकाचे वर्ष असते. नोंदीत '१८८८-८९' लिहिणे जास्त प्रामाणिक.

स्कॅन रंगीतच करा, कार्ड काळेपांढरे वाटले तरी. टोनिंगची छटा, पिवळेपणा, कुठे हाताने रंग भरला असेल तर तो, हे सगळे करड्या स्कॅनमध्ये हरवते. ६०० डीपीआयला चित्राचा भाग २४०० × ३३०० बिंदूंचा होतो, वाचनाला पुरतो. रिटचिंगच्या रेघा तपासायच्या तर चेहऱ्यापुरते १२०० घ्या. मागची बाजूही स्कॅन करा. एक चित्र समोरून सारख्या उजेडात आणि एक तिरप्या उजेडात घ्या, म्हणजे तडे आणि पुठ्ठ्याचा बाक कळतो.

साठवणीत सर्वांत मोठा शत्रू दमट हवा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहावी. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळ्यात ती ८० च्या पुढे जाते, आणि अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन, स्टार्च ही तिन्ही बुरशीची आवडती खाद्ये. प्रत्येक कार्ड आम्लविरहित कागदी पाकिटात किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, पीव्हीसीच्या अल्बममध्ये कधीच नको. पाकिटे बंद डब्यात, सिलिका जेलसह, आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्यायचे. पावसाळ्यात डबा उघडणेच टाळावे. पुठ्ठ्याचा बाक सरळ करण्यासाठी वजन ठेवू नये, अल्ब्युमेनचा थर तडकतो. पुठ्ठ्यावरून फोटो सोडवायचा प्रयत्न तर मुळीच नको, स्टुडिओचे नाव आणि पत्ता हाच निम्मा पुरावा असतो. मांडायचे असेल तर ५० लक्सच्या आत, काही आठवडे, मग पुन्हा अंधारात.

नोंद करताना तीन तारखा वेगळ्या लिहाव्यात: नाटकाची, बैठकीची, छापाची. व्यक्ती आणि भूमिका वेगळ्या रकान्यांत. पोशाखाच्या रकान्यात फोटोत दिसणारी उजळ-गडद छटा एका ओळीत आणि इतर पुराव्यावरून कळलेला रंग दुसऱ्या ओळीत, पुराव्याच्या नावासह. उदाहरणार्थ: 'वेण्या: फोटोत काळ्या, प्रत्यक्षात गडद तांबड्या (टेरीचे पत्र, सार्जंटचे चित्र). अंगरखा: फोटोत मध्यम करडा, प्रत्यक्षात जांभळट मखमल.' हे दोन रकाने एकत्र केले की पुढचा माणूस काळे केस गृहीत धरून पुढे जातो.

आजकाल जुनी कार्डे आपोआप रंगवून देणाऱ्या प्रणाली हीच चूक घाऊक प्रमाणात करतात. करड्या छटेवरून त्या रंग ओळखू पाहतात, पण निळ्या डोळ्याच्या काचेवर तांबडे आणि काळे, पिवळे आणि तपकिरी यांच्या छटा एकच असतात. लेडी मॅकबेथचे कार्ड असे रंगवून घेतले तर काळे केस आणि मातकट तपकिरी झगा मिळण्याचीच शक्यता जास्त. अशी रंगीत प्रत मूळ स्कॅनच्या फोल्डरमध्ये ठेवू नये. ठेवायचीच असेल तर फाइलच्या नावातच 'कृत्रिम रंग' लिहावे.